सातव्या मजल्याचं गाव

चारचौघांत मी नवऱ्याला 'हे' म्हणते. इथे 'तो' म्हणणार आहे. 'हे' म्हटलं की मला नीट रागावता येत नाही, आणि या लिहिण्यात थोडं रागवायचं आहे. कोणावर, ते अजून ठरलेलं नाही.

तो लिफ्ट मेकॅनिक आहे. अठ्ठावीस वर्षं हेच काम. अर्ध्या शहराच्या गच्च्यांवरच्या मशीन रूमच्या चाव्या त्याच्या कमरेला असतात, त्यामुळे तो आला की बेल वाजवावी लागत नाही, जिन्यातूनच कळतं. बोलणं अगदी मोजकं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी मात्र फार छान बोलतो. "घाबरू नका, हवा येते आहे, दार हाताने ओढू नका, मी वर पोचलोय, आता पाच मिनिटं." लग्नाच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं, याच्याशी संसार करण्यापेक्षा याच्या लिफ्टमध्ये अडकलेलं परवडलं, दोन शब्द तरी कानावर पडतील.

मी कपडे दुरुस्त करते. चौकाच्या कोपऱ्यावर माझा लहानसा गाळा आहे. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं. कंबर घट्ट करायला सहसा कोणी येत नाही. राहिलेलं काम घरी आणते, म्हणून घरीही एक मशीन आहे. बाहेरच्या खोलीत खिडकीच्या एका बाजूला माझं मशीन, दुसऱ्या बाजूला त्याचा कॉम्प्युटर. आम्ही पाठीला पाठ करून बसतो. आमची रविवारची सकाळ वर्षानुवर्षं अशीच गेली. मी लोकांच्या पँटी कापायच्या आणि त्याने गाव बांधायचं.

त्या गावाचं सांगते. बस चालवायचा एक जुना गेम आहे. त्यात मारामारी नाही, हरणं-जिंकणं नाही. बस वेळेवर न्यायची, माणसं चढवायची, उतरवायची, बस्स. "पगार न घेता ड्रायव्हरकी करायला तुम्हाला कोणी सांगितलंय?" असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. कंपनीने त्या गेममध्ये दोन शहरं दिली होती आणि वर एक प्रोग्रॅम दिला होता. तो वापरून कोणालाही आपले रस्ते, आपल्या बस, आपली गावं गेममध्ये घालता यायची. चाहते अशी जी भर घालतात तिला मॉड म्हणतात. लोक ती एका फोरमवर ठेवतात, बाकीचे तिथून फुकट उतरवून घेतात. माझ्या नवऱ्याने बारा वर्षं घालवून त्या गेममध्ये एक आख्खं गाव उभं केलं. नऊ मार्ग, एकशे तीस थांबे, चारशेच्या वर इमारती. फोरमवर त्याने स्वतःचं नाव ठेवलं होतं 'सातवा मजला'. तिथली मंडळी त्याला सातवेकाका म्हणायची.

तो काम कसं करायचा ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एकदा ओल आलेल्या भिंतीचे फोटो काढताना त्याला एका वॉचमनने धरून ठेवलं. भिंतीला कसली ओल आली आहे एवढंच त्याला बघायचं होतं, पण हे कोणाला पटणार? मला जाऊन सोडवून आणावं लागलं. बसचं दार बंद होताना जो सुस्कारा सोडल्यासारखा आवाज येतो, त्यावर त्याने चार रविवार घालवले. आणि लिफ्ट. त्या गावात इमारतींच्या आत कोणालाच जाता येत नाही, सगळा खेळ रस्त्यावर. तरी त्याने प्रत्येक उंच इमारतीवर मशीन रूम बांधली, तिला छोटं दार काढलं, दाराला कडी.

"आत कोणी जातच नाही तर लिफ्ट कशाला?" मी विचारलं.

"इमारत सात मजल्यांची आहे," तो म्हणाला.

मी धागा ओवला.

आता ती चिठ्ठी. प्रत्येक मॉडसोबत करणारा एक चिठ्ठी ठेवतो. हे त्या लोकांचं आपापसातलं वळण आहे, कुठल्या कायद्यात नाही. त्यात लिहिलेलं असतं की हे मी केलं, यात अमक्याच्या बस आहेत, तमक्याची झाडं आहेत, मला विचारल्याशिवाय हात लावू नये. पूर्वी त्या फोरमवर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी सुरेख ट्राम बनवल्या होत्या. चिठ्ठीत त्यांनी लिहिलं होतं, माझ्या परवानगीशिवाय काहीही बदलू नये. मग ते वारले. पुढे कंपनीने गेममध्ये काही बदल केला आणि त्या ट्राम जागच्या जागी थांबल्या. दुरुस्त करणं सोपं होतं, पण परवानगी कोणाची घ्यायची? कोणी हात लावला नाही. माझा नवरा आठवडाभर त्या ट्रामबद्दल बोलत होता, म्हणजे एकूण तीन वेळा बोलला. मग त्याने आपल्या चिठ्ठीत एक ओळ वाढवली आणि मला दाखवली.

"सहा महिने माझ्याकडून काही उत्तर आलं नाही, तर ज्याला हे गाव पुढे न्यावंसं वाटेल त्याने खुशाल न्यावं. माझं नाव घातलंच पाहिजे असं नाही."

"हे काय, मृत्युपत्र आहे?" मी हसले. "आणि नाव का नको?"

"बरं दिसत नाही," तो म्हणाला. "मेल्यावर नावाचा आग्रह कशाला धरायचा?"

त्याला वाटलं होतं, सहा महिने गप्प राहायचं तर माणूस मेलेलाच असणार. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं तर तो खाली 'काम चालू आहे' अशी पाटी लावतो, स्विचला कुलूप घालतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. ते कुलूप दुसऱ्या कोणीही काढायचं नाही, साहेबानेसुद्धा नाही. इतका काटेकोर माणूस. पण ते मशीनच्या बाबतीत. स्वतःवर पाटी लावायची वेळ आली तेव्हा त्याला सुचलं नाही.

ती वेळ माझ्यामुळे आली. गाळ्याचं शटर ओढताना माझ्या पाठीत काहीतरी सरकलं. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि शुद्धीवर आले तेव्हा कमरेखाली काही नव्हतं. पाय होते, दिसत होते, पण माझे वाटत नव्हते. डॉक्टर रोज येऊन तळव्याला टाचणी टोचायचे आणि विचारायचे, "लागतंय?" मी म्हणायची, "नाही." नवरा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून माझ्या बोटांकडे बघत असायचा. मी आयुष्यभर टाचण्यांचं काम केलं, बोटांना भोकं पाडून घेतली, आणि आता टाचणी लागत नव्हती. मला रडूही येत नव्हतं. सगळे म्हणत, किती धीराची आहे. धीर कसला, नुसतं बधिर होतं सगळं.

सात महिने, आधी हॉस्पिटलात आणि मग घरी, तो कामावरून दुपारीच माझ्याकडे यायचा. मला कुशीवर वळवायला शिकला, केस विंचरायला शिकला. वेणी मात्र त्याला शेवटपर्यंत जमली नाही, लिफ्टचा दोर वळल्यासारखी घट्ट घालायचा. कॉम्प्युटरवर त्याने एक जुनी चादर टाकली होती. पाचव्या महिन्यात त्याच्या फोनवर फोरममधून एक निरोप आला होता, "काका, आहात ना?" हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्याने तो वाचला आणि फोन खिशात ठेवला. हे त्यानेच मला नंतर सांगितलं. 'आहे' एवढं दोन अक्षरी उत्तर लिहिलं असतं तरी सहा महिन्यांचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं.

आठव्या महिन्यात मी वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागले. त्या रविवारी त्याने चादर काढली आणि फोरम उघडला. बराच वेळ पडद्याकडे बघत वाचत राहिला. हे नेहमीचंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग म्हणाला, "अगं, मी गेलोय."

"कुठे?"

"वारलोय. इथे लिहिलंय."

खरंच लिहिलं होतं. सातवेकाकांना श्रद्धांजली म्हणून एक पान होतं आणि त्यावर एकशे त्रेचाळीस जणांनी लिहिलं होतं. त्याने मला थोडं वाचून दाखवलं. "फार सज्जन माणूस. कधी कोणाला उलट उत्तर दिलं नाही."

"उत्तरच कधी दिलं नाही," मी म्हटलं, आणि पाठीला कळ येईपर्यंत हसले. तोही हसला. आमच्या घरात आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणी हसत होतं, म्हणून मला तो रविवार चांगला आठवतो.

पुढचं हसण्यासारखं नव्हतं. गाव दुसऱ्या कोणीतरी घेतलं होतं. फोरमवर त्याच्या नावापुढे टोपीचं चित्र होतं, म्हणून सगळे त्याला टोपीवाला म्हणत. त्याने गाव नव्याने काढलं होतं, दोन मार्ग वाढवले होते, पुलावर बस अडकायची ती चार वर्षं न सुटलेली चूक काढून टाकली होती. नवऱ्याने तासभर त्या गावातून बस फिरवली. मी मागून बघत होते. दाराचा आवाज बदलला होता. तेव्हा त्याचा हात माउसवर क्षणभर थांबला, एवढंच.

"चांगलं केलंय," तो म्हणाला.

सुरुवातीच्या पडद्यावर एक ओळ होती, "मूळ रचना : कै. सातवा मजला." नवऱ्याने ती बोट ठेवून वाचली, जणू बिलावरचं नाव तपासतोय.

मग त्याने फोरमवर लिहिलं, "मी जिवंत आहे. घरी आजारपण होतं." लोकांना आनंद झाला. दोन दिवस अगदी उत्साहात गेले, आणि तिसऱ्या दिवसापासून सगळे गप्प झाले, कारण आता गाव कोणाचं हा प्रश्न होता आणि तो विचारायला कोणीच धजेना. मेलेल्या माणसाला मान देणं सोपं असतं. तो परत आला की पंचाईत.

टोपीवाल्याने स्वतःहून फोन केला. नवऱ्याने मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"काका, मला खरंच वाटलं तुम्ही गेलात."

"हो, वाचलं मी."

"मी सहा महिने झाल्या झाल्या घेतलं नाही हो. वर अकरा दिवस थांबलो. तुम्हाला तीन निरोप टाकले."

"बरोबर केलंत."

माझ्याने राहवलं नाही. "अहो, काय बरोबर केलं? गाव परत मागा ना!"

मग टोपीवाला म्हणाला, "काकू, ते आता माझ्याही हातात नाही."

तो एका शाळेत गणित शिकवायचा. त्याने केलेली दुरुस्ती कंपनीच्या लोकांनी पाहिली. त्यांना त्या जुन्या गेमची नवी आवृत्ती काढायची होती, त्यात तयार गाव हवं होतं. त्यांनी त्याला नोकरी दिली. त्याने शाळा सोडली आणि सही केली. काका जिवंत आहेत हे त्याला कळलं त्याच्या तीन दिवस आधी. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला फार सोपं गेलं असतं.

आमची लेक विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासते. बारीक अक्षर वाचण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. ती येऊन बसली आणि कंपनीचा करार तिने दोन तास वाचला.

"बाबा, तुम्ही हे मान्य केलंय."

"कधी?"

"पहिल्यांदा बारा वर्षांपूर्वी. मग दर नव्या आवृत्तीला. त्या प्रोग्रॅमने जे जे बनवाल ते बनवल्या क्षणापासून कंपनीचं. तुम्हाला ते फक्त फुकट वाटायची मुभा आहे. खाली 'मान्य आहे' असं बटण असतं ना, ते."

"ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही," तो म्हणाला.

"म्हणूनच तर ठेवतात," लेक म्हणाली. ती चिडली होती. तिचा आवाज माझ्यावर गेलाय. "टोपीवाल्याने न घेता तुम्हीच विकायला गेला असता, तरी तुमचं नव्हतंच ते."

मी रात्रंदिवस या धंद्यात असते, म्हणून मला हे चटकन कळलं. कधीमधी गिऱ्हाईक कापडही घेऊन येतं, मी शर्ट शिवते. शर्ट गिऱ्हाइकाचाच. माझी कितीही बोटं दुखली तरी तो मी घालून फिरणार नाही. गेम कंपनीचा, प्रोग्रॅम कंपनीचा, म्हणजे कापड, सुई, दोरा सगळं त्यांचं. इथवर मला मान्य आहे. पण शर्ट घालून गिऱ्हाईक 'हा मीच शिवला' असं सांगत सुटत नाही. विचारलं कोणी तर म्हणतं, त्या कोपऱ्यावरच्या बाईंनी शिवला. तेवढंच तर मागायचं होतं.

तसं पत्र मी सांगितलं आणि नवऱ्याने लिहिलं. गाव तुमचं असेल, आम्ही भांडत नाही, फक्त कुठेतरी एका ओळीत लिहा की हे याने बांधलं. 'भांडत नाही' हे शब्द त्याने घातले, माझे नव्हते. टोपीवाल्यानेही आमच्या बाजूने शब्द टाकला. नंतर त्याने सांगितलं, "काका, ते म्हणतात नाव घातलं की उद्या हक्क सांगायला वाट होते."

एकोणीस दिवसांनी उत्तर आलं. भाषा अगदी गोड होती. आपल्या आवडीबद्दल आम्हाला आदर आहे, वगैरे. आणि पुढे, "आपण स्वतः सोबतच्या टिपणीत 'माझं नाव घातलंच पाहिजे असं नाही' असं नमूद केलं आहे, याकडे आम्ही आपलं लक्ष वेधू इच्छितो." त्याचं वाक्य त्यालाच परत पाठवलं होतं, अवतरणचिन्हांत घालून. नव्या आवृत्तीतून 'कै.' वाली ओळही गेली. ते बरोबरच झालं म्हणा, तो जिवंत होता.

त्याने पत्र वाचलं, चष्मा काढला, तो शर्टाच्या टोकाने पुसला आणि कामावर गेला. त्या दिवशी एका इमारतीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये कोणी अडकलं होतं. मी म्हटलं, चिडेल, काही आपटेल, निदान जेवणार तरी नाही. संध्याकाळी नेहमीसारखा जेवला. मला त्याचा राग यायला हवा होता, कंपनीचा यायला हवा होता. मी बसून वाट बघितली. टाचणी टोचल्यासारखं काहीच झालं नाही.

मग महिनाभराने टोपीवाल्याचा पुन्हा फोन आला, आणि या वेळी त्याला मी हवी होते.

झालं होतं असं. त्या गावात तिसऱ्या थांब्यावर एक बाई उभी असते. गळ्यात माप घ्यायची टेप, हातात पिशवी. बस आली की दोन पायऱ्या चढून आत येते, चौकात उतरते, चालत कोपऱ्यापर्यंत जाते. ती मी. लग्नाच्या पंधराव्या की सोळाव्या वर्षी त्याने मला भिंतीशी उभं करून चारी बाजूंनी फोटो काढले होते. गॅसवर दूध होतं आणि मी ओरडत होते, त्यामुळे त्या गावात मी कायमची भांडायच्या तयारीत उभी आहे. फोरमवर मला टेपवाल्या काकू म्हणतात. लोक मुद्दाम तिसऱ्या थांब्याला बस हळू करतात, असं ऐकलंय.

"काकू, कायदा विभागाने पकडलंय," टोपीवाला म्हणाला. "गाव कंपनीचं आहे, पण तुमचा चेहरा खऱ्या माणसाचा आहे. त्यावर तुमची सही लागते. फॉर्म पाठवतोय."

मी खुर्चीत सरळ बसले. चारशे इमारती, एकशे तीस थांबे, भिंतींवरची ओल, त्या सगळ्यात नवऱ्याच्या हक्काचं काही नव्हतं, आणि माझं तोंड तेवढं माझं होतं. बारा वर्षांत त्या गावासाठी मी एक वीटही लावली नव्हती. उलट दर रविवारी बोलणी दिली होती.

"आता सापडले," मी म्हटलं. "तुमच्या साहेबांना सांगा, नवऱ्याचं नाव घाला, तर सही. नाहीतर नाही."

"काकू," तो हळू आवाजात म्हणाला, "ते तुम्हाला काढून टाकतील. शुक्रवारपर्यंत सही आली नाही तर दुसरी बाई उभी करायचं ठरलंय. त्यांना काही फरक पडत नाही हो."

"तर काढा."

फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी काहीतरी वाटलं. लेकीला फोन करून सांगितलं, तीही खूश झाली.

गुरुवारी नवरा दुपारीच घरी आला. चौकातल्या दुकानातून फॉर्म छापून आणला होता. माझ्यासमोर ठेवला, त्यावर पेन ठेवलं.

"तू सही कर."

"अहो, का? तुमच्यासाठीच तर अडवून धरलंय मी."

"माझं नाव नसलं तरी चालेल. तू तिथं पाहिजेस."

"मी इथं आहे की! तिथं नसले तर काय बिघडलं?"

तो खुर्ची ओढून बसला. मग तो बोलला, आणि अडकलेल्या माणसांशी बोलतो तेवढं बोलला. "तू पडून होतीस ना, तेव्हा त्या टोपीवाल्या पोराने विचारलं होतं, आहात ना म्हणून. उत्तर द्यायला मला गेममध्ये जावं लागत नव्हतं. पण फोरम उघडला की वर गावाचं चित्र येतं, आणि त्यात तिसरा थांबा आहे. तिथं तू बसमध्ये चढतेस. डॉक्टर सकाळी टाचणी टोचून गेलेले, आणि तिथं तू दोन पायऱ्या चढतेस. माझ्याने ते बघवलं नसतं. म्हणून उत्तर दिलं नाही मी. सात महिने." त्याने पेन थोडं सरळ केलं. "आता बघवतं. आता ते असू दे."

हा माणूस गाव विसरला म्हणून त्याने ते गमावलं, असं मी इतके महिने धरून चालले होते. आळस म्हणून, भिडस्तपणा म्हणून मनातल्या मनात त्याला नावं ठेवली होती. मला खूप रडू यायला हवं होतं. थोडंसं आलं, डाव्या डोळ्यातून, आणि तेही मी कोणाला दाखवलं नाही.

फॉर्म जवळ ओढला. नाव, पत्ता, वय लिहिलं. मग एक रकाना आला, "चित्र बनवणारा." त्यात कंपनीचं नाव आधीच छापलेलं होतं. त्याच्याखाली, "चित्र बनवणाऱ्याशी आपलं नातं."

"इथं काय लिहू?" मी विचारलं. "बायको लिहिते. काय व्हायचं ते होऊ दे."

"फॉर्म परत येईल," तो म्हणाला. "उद्या शुक्रवार आहे."

तेवीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. मी त्या रकान्यात लिहिलं, 'काही नाही,' आणि खाली सही केली. त्याने चष्मा लावून फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, त्या ओळीशी जरा थांबला, आणि म्हणाला, "बरोबर आहे."